खेळण्यांची विचारपूस : क्राकोचा खडखडणारा पक्षी

प्रश्न : मुलगा पोलंडमध्ये क्राकोला नोकरीला आहे. येताना त्यानं नातीसाठी लांब दांडीचा, चाकांवरचा लाकडी पक्षी आणला. ढकलला की पंख आपटून खडखड करतो. दुपारची झोप गेली, पण पोरगी तो सोडत नाही. आता एक पंख लोंबकळतोय. हे खेळणं मूळचं कुठलं? दुरुस्त होईल का?
— एक आजोबा, जुळे सोलापूर

उत्तर : आजोबा, झोप जाणारच, ते खेळणं आवाजासाठीच केलेलं असतं. तुमच्या वर्णनावरून हा ‘क्लेपोक’ दिसतो. क्राकोच्या दक्षिणेला बेस्कीड डोंगर आहेत. तिथल्या झिव्ह्येत्स आणि सुखा या गावांच्या आसपास, स्त्रिशावा, कोशारावा, लाहोवित्से अशा खेड्यांत ही खेळणी पिढ्यानपिढ्या होत आली. जमीन हलकी, हिवाळा लांबलचक. नुसत्या शेतीवर भागायचं नाही. मग घरात बसून लाकूड तासायचं आणि घरच्या सगळ्यांनी हात लावायचा. चाकांवरचे घोडे, छोट्या गाड्या, बाहुलीचे पाळणे, शिट्ट्या, आणि हा पक्षी. स्त्रिशावाचे रंगीत पक्षी तर आज शोभेसाठीही विकले जातात.

माल खपायचा जत्रेत. काल्वारिया झेब्झिदोव्स्का या तीर्थक्षेत्री यात्रेकरू जमायचे, तिथं. क्राकोत ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, एमाउस नावाची जत्रा भरते, तिथंही. त्याच दिवशी पोलंडभर एकमेकांच्या अंगावर पाणी ओततात, म्हणजे पोरांची चंगळच. आपल्या सोलापूरच्या गड्डा जत्रेतून होम मैदानावरची पिपाणी वाजवत घरी येणारं पोर डोळ्यांपुढं आणा, मग हा पक्षी एवढा का ओरडतो ते कळेल. जत्रेच्या गोंगाटात दहा पावलांवरून ऐकू गेलं नाही, तर गिऱ्हाईक वळणार कसं?

आता दुरुस्ती. मी आयुष्यभर सुतारकाम शिकवलं, म्हणून हात शिवशिवताहेत. पंख बहुधा चामड्याच्या पट्टीवर हलतो, आणि तीच आधी झिजते. फेव्हिकॉल ओतू नका. सांधा कडक झाला की पंख हलायचा बंद. मोच्याकडून पातळ मऊ चामड्याची पट्टी घ्या. जुन्या पट्टीच्या मापानं कापा. बारीक चुका ठोका, पण आधी बारीक भोक पाडून घ्या, नाहीतर मऊ लाकूड चिरतं. चाकाच्या आसाला तेल घालू नका, धूळ धरतं, मेणबत्ती घासा. खेळणं जुन्या बाजारातून आणलेलं असेल तर रंगात शिसं असू शकतं. नात अजून सगळं तोंडात घालत असेल, तर तोपर्यंत ते कपाटावर ठेवा. नव्यावर ‘सीई’ची, म्हणजे युरोपातले सुरक्षेचे नियम पाळल्याची, खूण आहे का तेही बघा.

प्रश्न : क्राकोच्या बाजारात दाढीवाल्या ज्यू म्हाताऱ्याची लाकडी बाहुली मिळते. हातात नाणं असतं. घरात ठेवली की पैसा येतो म्हणतात. भावाला आणायला सांगू का?
— एक वाचक, विजापूर रोड

उत्तर : मी तरी नाही सांगणार. एमाउसच्या जत्रेत पूर्वी स्प्रिंगवर झुलणारे ज्यू मिळायचे. प्रार्थनेत ते डुलतात तसे. ती बाहुलीही थोडी चेष्टेनंच केलेली, पण नाण्याचा भार तिच्यावर नव्हता. दुसऱ्या महायुद्धाआधी पोलंडमध्ये सुमारे 33 लाख ज्यू राहत होते. नाझींनी त्यांतले जवळपास 30 लाख मारले. शेजारची माणसं गेली आणि ‘ज्यू म्हणजे पैसा’ हा जुना टोमणा मात्र शोकेसमध्ये शिल्लक राहिला. तिकडेही यावर बरंच वाजलंय, ते बरंच झालं. भावाला स्त्रिशावाचा पक्षी आणायला सांगा. पैसा नाही येणार, पण पाहुण्यांना सांगायला लाज वाटणार नाही.

प्रश्न : आमच्या शाळेत ‘देश ओळखा’ उपक्रमात पोलंड आलाय. चौथीच्या मुलांकडून काय करून घेऊ? खर्च कमी हवा.
— शिक्षिका, अक्कलकोट रोड

उत्तर : ताई, कागदकाम करा. त्याला तिकडे ‘विचिनांकी’ म्हणतात. शेतकरी बाया मेंढ्यांची लोकर कातरायच्या कात्रीनं कागद कापायच्या आणि भिंतीवर चिकटवायच्या. दोन तऱ्हा ठाऊक असल्या तरी पुरे. वॉर्साच्या पश्चिमेकडच्या वोविचमध्ये रंगावर रंग चढवून कोंबडे, मोर, फुलं करतात. कुर्पिए भागात बहुतेक एकाच रंगाचा कागद घडी घालून कापतात. मधोमध झाड, दोन्ही बाजूंना पक्षी. तुम्ही कुर्पिए घ्या, चौथीला तेच झेपेल. घोटीव कागद आणा, रंगाची बाजू आत ठेवून मधोमध एकच घडी घाला, अर्धंच झाड पेन्सिलीनं काढा. घडीची कड मुलांना कापू देऊ नका. पहिल्या तासाला निम्मा वर्ग तिथंच फसतो आणि हातात दोन सुटे तुकडे येतात. कात्री बोथट टोकाची, आणि चिकटवायला खळ.