प्रॉडक्शनची वही फेकू नका

प्रश्न : ताई, मी १४ वर्षं मुंबईत जाहिरातींच्या फिल्म्सचं प्रॉडक्शन सांभाळतोय. लोकेशन, परवानग्या, कॉलशीट, हिशेब, सगळं. आई सिडकोत एकटी असते, म्हणून आता कायमचा नाशिकला यायचं म्हणतोय. ई-पुस्तकांच्या कामात शिरावंसं वाटतं. पण कोडिंग येत नाही, साहित्यातलंही फारसं कळत नाही. एकेचाळिसाव्या वर्षी शून्यापासून सुरुवात करावी लागेल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : शून्यापासून कशाला? दोन-तीन इयत्ता मागे बसावं लागेल, एवढंच. मीही बसले. अंधेरीत ११ वर्षं तुमचंच काम केलं. रात्री-अपरात्री चॅनेलच्या दारात टेपा पोचवल्या. ३० सेकंद म्हणजे ७५० फ्रेम, आणि क्लायंट त्यातल्या एकेकीवर बोट ठेवणार, ‘डबा जरा डावीकडे घ्या ना.’

त्याच सवयीनं मला ई-पुस्तकाच्या पहिल्याच कामात तोंडावर पाडलं. एका निवृत्त गुरुजींचा कवितासंग्रह होता, ९६ पानांचा. मी पान न् पान छापील पुस्तकासारखं हुबेहूब जुळवलं. गुरुजींनी मोबाइलवर उघडलं, चष्मा सापडेना म्हणून अक्षर मोठं केलं, आणि ओळी वाटेल तिथे तुटल्या. लगेच फोन : ‘अहो बाई, माझी कविता कोसळली!’ ई-पब, म्हणजे ई-पुस्तकाची फाइल, आतून वेबपानांसारखीच असते, झिप करून एका गाठोड्यात बांधलेली. अक्षर केवढं हवं ते वाचणारा ठरवतो, तसं पान बदलतं. चौकट आपल्या ताब्यात नाही, हे पचायला मला तीन महिने लागले. आता मी लांब ओळीचा उरलेला तुकडा थोडा आत सरकवून ठेवते. ओळ तुटली तरी कवीची ओळ कुठली ते कळतं. गुरुजी अजून पूर्ण खूश नाहीत.

कोडिंगचा बाऊ करू नका. लागतं तेवढं एचटीएमएल, सीएसएस, म्हणजे वेबपानांची भाषा, दोन महिन्यांत हाताला बसतं. जीव खातात ते जुने फॉन्ट. युनिकोडच्या, म्हणजे सगळीकडे सारख्या चालणाऱ्या अक्षरांच्या, आधीच्या फाइली बदलायला घेतल्या की पहिली वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते, रफार गायब होतो. एकदा लग्नघरातल्या आचाऱ्याचा थेट आचार्य झाला, सह्याद्रीच्या दऱ्यांचा दर्या झाला. शब्द दोन्ही बरोबर, त्यामुळे शुद्धलेखन तपासणारं सॉफ्टवेअर गप्प. तिथे माणूसच लागतो, आणि बिल देताना नेमका तोच वेळ कुणी धरत नाही. तुम्ही धरा.

तुमची खरी किंमत परवानग्यांत आहे. लेखक गेल्यानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क वारसांकडे किंवा ज्याला दिले असतील त्याच्याकडे राहतात. जुन्या करारात ई-पुस्तकाचा शब्दही नसतो, त्यामुळे छापील आवृत्ती ज्याची, त्याच्याकडे हे हक्क असतीलच असं धरून चालू नका. मग वारस शोधायचे : एक पुण्यात, एक अमेरिकेत, तिसरा दोघांशी न बोलणारा. घाटावर एका दिवसाच्या शूटसाठी चार खात्यांच्या सह्या आणणाऱ्याला तीन भावंडं जड जाऊ नयेत. शिवाय ई-आवृत्तीला वेगळा आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, लागतो. तो आपल्याकडे फुकट मिळतो, त्याचे पैसे कुणी मागितले तर देऊ नका.

पैशांचं स्पष्ट सांगते. एका दिवसाच्या शूटच्या चहा-नाश्त्याच्या बिलात मी इथे अख्खं पुस्तक करून देते. म्हणून पहिलं वर्ष ‘पंचवटी’ एक्सप्रेसचा पास सोडू नका, महिन्यातले चार-पाच दिवस मुंबईचं काम घेत राहा. बाकी, त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके छपाईच्या धंद्यातून सिनेमात गेले. आपण त्याच रस्त्यानं उलटे येतोय, तर त्यात लाजण्यासारखं काय?

साहित्य कळत नाही म्हणता, ते वाचून कळेल. आपल्या सार्वजनिक वाचनालयात जा, ते १८४० पासून आहे. १९६० पूर्वी गेलेल्या लेखकाचं एखादं पातळ पुस्तक आणा. दहा पानं स्वतः टाइप करा, ई-पब बनवा, आईच्या मोबाइलवर टाका आणि त्यांना अक्षर मोठं करायला सांगा. काय काय तुटलं ते लिहून ठेवा. प्रॉडक्शनची वही असेलच तुमच्याकडे.