डोनटच्या पिठात उकडलेला बटाटा का घालतात, आणि त्याची चव लागते का?

चवीपुरते सांगायचे तर बटाटा जवळजवळ लागत नाही. साखर, लोणी, जायफळ किंवा वेलची यांच्यापुढे तो दबून जातो, आणि खाणाऱ्याला सांगितले नाही तर बहुधा ओळखताही येत नाही. बटाटा घालतात तो पाण्यासाठी. बटाटा शिजताना त्याच्या पेशींतील स्टार्चचे कण पाणी शोषून फुगतात आणि ते पाणी नंतर सहजासहजी सोडत नाहीत. नुसत्या मैद्याचा डोनट सकाळी तळला तर संध्याकाळपर्यंत कोरडा व चिवट होऊ लागतो, कारण त्यातील स्टार्च थंड झाल्यावर पुन्हा घट्ट होत जातो. बटाट्यामुळे ही क्रिया थांबत नाही, पण लांबते. शिवाय बटाट्यात ग्लूटेन (मैद्याला चिवटपणा देणारे प्रथिन) नसल्याने मैद्याचा ताण कमी होतो आणि घास अधिक हलका, मऊ लागतो. आपल्याकडे भोपळ्याचे घारगे दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात, तेही बरेचसे याच कारणाने.

ही युक्ती जुनी आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात स्थायिक झालेल्या जर्मन वंशाच्या लोकांमध्ये ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ सुरू होण्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे ॲश वेन्सडेच्या आधीच्या मंगळवारी, घरातील चरबी आणि साखर संपवण्यासाठी ‘फास्टनाख्ट’ नावाचे डोनट तळण्याची प्रथा आहे, आणि त्यांच्या अनेक पारंपरिक कृतींत कुस्करलेला बटाटा असतो. इटलीत नेपल्स येथे कार्निव्हलच्या दिवसांत होणारी ‘ग्राफे’ ही कड्याच्या आकाराची, डोनटसारखी मिठाईही बटाट्याचीच. तिचे नाव जर्मन भाषेतील ‘क्राप्फेन’ (डोनटसारखा तळलेला पदार्थ) या शब्दावरून आले असे मानले जाते.

बटाट्याच्या डोनटचा मोठा व्यवसाय मात्र अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटी येथे 1940मध्ये अल आणि बॉब पेल्टन या भावांनी उभा केला. इंग्रजी बोलीत बटाट्याला ‘स्पड’ म्हणतात, त्यावरून त्यांनी आपल्या डोनटला ‘स्पडनट’ असे नाव दिले. रोज बटाटे उकडून कुस्करण्याऐवजी त्यांनी सुक्या बटाट्याचे तयार मिश्रण बनवले आणि ते वापरणारी दुकाने देशभर निघाली. 1950च्या दशकात त्यांची संख्या तीनशेच्या पुढे गेली होती. मूळ कंपनी पुढे बंद पडली, तरी तिच्या नावाची काही दुकाने स्वतंत्रपणे चालत राहिली. बटाट्याच्या शेतीसाठी प्रसिद्ध असलेल्या अमेरिकेतील मेन राज्यातही हे डोनट आवडीने खातात, पण तेथे यीस्टऐवजी बेकिंग पावडर घालून केकसारखे डोनट करण्याची पद्धत अधिक दिसते.

आता घरच्या कृतीविषयी. मी 250 ग्रॅम मैद्याला उकडून, सोलून कुस्करलेला 125 ग्रॅम बटाटा, 40 ग्रॅम साखर, 40 ग्रॅम लोणी, 5 ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, एक अंडे आणि पाऊण चमचा मीठ घेते. दूध आधी मोजून ओतत नाही. 30 ते 50 मिलिलिटर लागते, आणि ते अगदी शेवटी, थोडे थोडे घालते. अंडे नको असल्यास साधारण 40 मिलिलिटर दूध अधिक लागेल. बटाटा मैद्याच्या निम्म्या वजनाहून जास्त घेऊ नये, कारण मग पिठाला वायू धरून ठेवण्याइतकी ताकद उरत नाही.

बहुतेकांची फसगत बटाट्यातच होते. माझीही झाली होती: पहिल्या वेळी मी नवे, पाणीदार बटाटे कापून पाण्यात उकडले, मिक्सरमधून फिरवले, पीठ चिकट झाले म्हणून मूठमूठ मैदा घालत गेले, आणि तळून निघाले ते गोड भटुरे. बटाटे जुने, पिठूळ घ्यावेत, सालासकट अख्खे उकडावेत, गरम असतानाच सोलून पुरणयंत्रातून काढावेत आणि ताटात पसरून वाफ जाऊ द्यावी. मिक्सरमध्ये पेशी फुटून स्टार्च बाहेर येतो आणि बटाट्याची खळ होते. बटाटा कोमट झाल्याखेरीज यीस्टजवळ नेऊ नये, नाहीतर यीस्ट मरते. एवढे करूनही हे पीठ पोळीच्या कणकेपेक्षा बरेच सैल व चिकट असते. ते तसेच असू द्यावे, हाताला तेल लावून दहा मिनिटे मळावे आणि दुप्पट होईपर्यंत झाकून ठेवावे. त्यानंतर सुमारे एक सेंटिमीटर जाड लाटून कापावे, प्रत्येक डोनट बटर पेपरच्या वेगळ्या तुकड्यावर ठेवून पुन्हा अर्धा तास फुगू द्यावा आणि कागदासकट तेलात सोडावा, म्हणजे उचलताना तो दबत नाही. कागद सुटला की चिमट्याने काढून घ्यावा.

तेल 170 ते 175 अंश सेल्सिअसवर असावे. येथे एक बारकी गोष्ट आहे. फ्रिजमध्ये किंवा शीतगृहात फार थंड राहिलेल्या बटाट्यातील काही स्टार्चची साखर झालेली असते, त्यामुळे डोनट आत शिजण्याआधीच बाहेरून काळपट होतो. असे बटाटे आले आहेत असे वाटले तर मी साखर दहा ग्रॅमने कमी करते आणि आच थोडी मंद ठेवते. पहिला एकच डोनट तळून, मोडून पाहावा, आणि मग बाकीचे सोडावेत.

साखर किंवा दालचिनी लावायची असेल तर डोनट गरम असतानाच लावावी. उरलेले पूर्ण थंड झाल्यावरच डब्यात भरावेत, पण फ्रिजमध्ये ठेवू नयेत, कारण तेथे ते बाहेरपेक्षा लवकर शिळे होतात. दुसऱ्या दिवशी मंद तव्यावर झाकण ठेवून दोन मिनिटे गरम केले की ते पुन्हा मऊ होतात.