रक्त येत नाही, मग हिरड्या खराब कशा?

प्रश्न : डॉक्टर, माझं वय ४३, वीसेक वर्षं सिगरेट ओढतोय, दिवसाला १२-१५ होतातच. ब्रश करताना कधी रक्त नाही, ठणका नाही, म्हणून हिरड्या मजबूत आहेत असंच धरून चाललो होतो. आता खालची एक दाढ हलायला लागलीय तर डेंटिस्ट म्हणतात हाड झिजलंय, दाढ काढावी लागेल, आणि सिगरेट सोडल्याशिवाय त्या जागी इम्प्लांट, म्हणजे हाडात स्क्रू बसवून नवा दात, करणार नाही. उगाच घाबरवतायत का?

उत्तर : नाही हो, घाबरवत नाहीयेत. रक्त येत नाही हीच तर खरी गोम आहे. निकोटिनमुळे हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे आतून सूज असली तरी रक्त फारसं येत नाही आणि माणूस निवांत राहतो. आतमध्ये दात आणि हिरडीमधली फट मात्र खोल होत जाते. डेंटिस्ट एक बारीक, खुणा केलेली सळई त्या फटीत घालून मोजतात, १ ते ३ मिलीमीटर म्हणजे ठीक, ५-६ भरले की खाली हाड सुटायला लागलंय समजायचं. तुमचे आकडे किती आले ते विचारून घ्या, प्रत्येक दाताचे लिहिलेले असतात. आणि दिवसाला १० किंवा जास्त सिगरेटी असतील तर हिरड्यांचा आजार सरळ वेगाने वाढणाऱ्या गटातच धरतात, तुम्ही त्यात बसता.

इम्प्लांटचं म्हणाल तर तो स्क्रू हाडाने धरून ठेवायचा असतो, त्याला काही महिने लागतात, आणि सिगरेट ओढणाऱ्यांत तो फेल जायचं प्रमाण साधारण दुप्पट असतं. मग एवढा खर्च करून तो निघून आला की बोलणी डेंटिस्टलाच! खोल क्लीनिंग, म्हणजे हिरडीखालची सफाई, केलं तरी तुमच्या हिरड्या इतरांपेक्षा कमीच भरून येणार. दाढ काढल्यावर तर निदान तीन दिवस एक झुरकाही नको, खड्ड्यात जी रक्ताची गुठळी बसते ती झुरक्याने निघाली की हाड उघडं पडतं, आणि ते दुखणं कानापर्यंत जातं, पेशंट रात्रभर बसून काढतात. व्हेपनेही (ई-सिगरेट) सुटका नाही, निकोटिन बहुतेक व्हेपमध्येही असतंच.

अजून एक, सिगरेट सोडल्यावर काही आठवड्यांत ब्रशला रक्त दिसू शकतं, तेव्हा "सोडल्यावरच त्रास सुरू झाला" म्हणून परत पेटवू नका, हिरडीत रक्तपुरवठा परत येतोय म्हणून ते दिसतं. ब्रश चालू ठेवा आणि क्लीनिंगची तारीख घ्या.