‘आमच्या घराण्यात असं कधी झालं नाही’

जातीबाहेर लग्न ठरवलेली मुलं-मुली हे वाक्य घेऊन माझ्याकडे सल्ल्याला येतात आणि पुढे विचारतात, ‘पळून जाऊ का?’ इतक्यांदा ऐकलंय की एका घराची हकिगत सांगते. नावं, खुणा बदलल्या आहेत.

शिवलीला सोलापूरच्या बाळीवेशीतली, लिंगायत. मुलगा पूर्व भागातला, पद्मशाली. घरी टॉवेलचे माग. अप्पांनी सहा महिने लेकीशी बोलणं टाकलं होतं.

जिवाला धोका आहे का, हे मी सगळ्यात आधी विचारते. धमकी, कोंडून ठेवणं, मोबाइल काढून घेणं असं काही असेल तर समजुतीच्या बैठका घ्यायच्या नाहीत, आधी पोलिसांकडे जायचं. अशा जोडप्यांसाठी जिल्ह्याजिल्ह्यात विशेष कक्ष उभारा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलं आहे. इथे नुसता अबोला होता.

नोटीस लागेल, सगळीकडे बोभाटा होईल, ही तिची भीतीही काढावी लागली. तीस दिवसांची नोटीस १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात लागते. हे दोघं १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात येतात, त्यात वीरशैव-लिंगायतांचा उल्लेख नावानिशी आहे. मुलगी १८, मुलगा २१ पूर्ण हवा. जात आड येत नाही.

मग घराण्याचा नकाशा मांडायला कागद काढला. मोठा ड्रॉइंग पेपर आडवा घ्यायचा, सोबत पेन्सिल आणि खोडरबर. वर आजी-आजोबा, मध्ये आईवडील आणि त्यांची सगळी भावंडं, खाली मुलं. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. लग्नाचं, घर सोडल्याचं, मृत्यूचं साल लिहायचं. नातं तुटलं असेल तिथे जोडरेघेवर दोन काटे मारायचे. लग्न होऊन गेलेल्या लेकी हमखास गाळल्या जातात, आणि तिथेच नकाशा खोटा पडतो. दुसरी चूक मुलांची: हाच कागद पुरावा म्हणून वडिलांसमोर आपटतात. मग वडील पुन्हा बसत नाहीत.

तिसऱ्या बैठकीला अप्पा आले, ऐंशी ओलांडलेल्या अज्जीला घेऊन. भावंडं किती, विचारलं.

“आम्ही तिघं.”

“चौघं,” अज्जी म्हणाली.

“अव्वा, तो विषय नको.”

“घरात पितळी तांब्या आहे,” अज्जी माझ्याकडे वळली. “महानंदाचं नाव कोरलेला. तिच्या रुखवतासाठी घेतला होता. एकोणऐंशी साली ती गेली, जातीबाहेर लग्न करून. तेव्हापासून लिंगपूजेला त्याच तांब्याचं पाणी घेते. दर गड्ड्याच्या जत्रेला संमती कट्ट्यावर सिद्धरामाच्या लग्नाच्या अक्षता टाकते. लेकीवर नाही टाकल्या.”

ग्रामदैवत सिद्धरामाच्या योगदंडाशी दरवर्षी जत्रेत कुंभारकन्येचं लग्न लावणारं हे गाव. तरी हा दाखला मी कधी काढला नसता. बाहेरच्याने काढला की तो टोमणा होतो. अज्जीच्या तोंडून आला म्हणून अप्पांनी ऐकून घेतला.

मी अप्पांना एवढंच विचारलं, “तेव्हा तुम्ही केवढे होता?”

“अकरा वर्षांचा. तिच्या चिठ्ठ्या मीच पोचवायचो.” बराच वेळ गेला. “त्या वर्षी वडील जत्रेतल्या नंदीध्वजांच्या मिरवणुकीला गेले नाहीत. घरातून मुलगी गेली की परत येत नाही, बाई.”

मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे. ‘कधी झालं नाही’ याचा अर्थ कितीतरी घरांत ‘एकदा झालं आणि आम्हाला सोसलं नाही’ असा असतो. नकार एकट्या बापाचा नसतो, मागच्या पिढीचं न रडलेलं रडू त्यात असतं. अप्पांना मुलगा नापसंत नव्हताच, लेक गमवायची भीती होती. आणि त्या भीतीपायी ते तिला घालवायला निघाले होते.

म्हणून मुलांना सांगते: सगळ्यांना एकदम गोळा करू नका. सणाला, पाहुण्यांसमोर विषय काढू नका. घरातल्या सगळ्यात वयस्कर बाईपाशी एकटं बसा. ‘तुम्ही नाही का म्हणता’ विचारलं की वाद सुरू होतो. ‘तेव्हा काय झालं होतं’ विचारलं की माणूस बोलतो. तीन-चार महिने हातात ठेवा. काही घरं त्यानंतरही नाहीच म्हणतात. मग रीतसर, साक्षीदारांसमोर लग्न करून नोंदणी करा आणि पत्ता कळवा, म्हणजे घरच्यांना परतीची वाट राहते.

अप्पांनी पेन्सिल घेतली, आपल्या चौकोनाशेजारी गोल काढला, आत ‘महानंदा’ लिहिलं.

मुलाकडच्यांना बोलावण्याआधी त्यांनी बहिणीला फोन केला. तिने उचलला नाही. दुसऱ्या दिवशी अज्जीने लावून घेतला.