काकांचा जुना पेंटॅक्स के1000 सापडलाय. फिल्मवर फोटो काढायला महिन्याला किती खर्च येईल?

कॅमेरा घरचाच आहे म्हणजे मोठा खर्च वाचला, असं तुम्हाला वाटत असेल. या छंदात कॅमेऱ्याचे पैसे एकदाच जातात, रोलचे मात्र जातच राहतात. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा देशी रोल 'इंदू' गेला, आता येतो तो सगळा माल बाहेरचा. 36 फोटोंचा रंगीत रोल मला हल्ली हजाराच्या आसपास पडतो, धुऊन स्कॅन करून घ्यायला आणखी चार-पाचशे. म्हणजे एका क्लिकला चाळीसेक रुपये. महिन्याला दोन रोल धरले तर तीन हजार बाजूला ठेवा. डोळे मिटलेला फोटोही चाळीसचाच, हे आधी बायकोला सांगून ठेवलेलं बरं.

खर्च खरा कमी होतो तो कृष्णधवलमध्ये, आणि तोही रोल घरी धुतला तर. रोल धुवायची टाकी, चेंजिंग बॅग (उजेड न लागता रोल टाकीत भरायची काळी पिशवी) आणि थर्मामीटर एकदाच घ्यायचं. डेव्हलपर, म्हणजे रोलवर चित्र उमटवणारं रसायन, मी स्वतः बनवतो, डी-76 नावाचं. लिटरला मेटॉल 2 ग्रॅम, सोडियम सल्फाइट 100, हायड्रोक्विनोन 5, बोरॅक्स 2. पाणी साधारण 50 अंशांचं घ्यायचं आणि चिमूटभर सल्फाइट टाकून मग मेटॉल. आधीच सगळं सल्फाइट ओतलं तर मेटॉल विरघळता विरघळत नाही. हातमोजे घालाच, मेटॉलने काहींच्या हातांना खाज सुटते. हे सामान रसायनांच्या दुकानात मिळतं, मुंबईत असाल तर प्रिन्सेस स्ट्रीटला विचारा. डेव्हलपरचं काम थांबवणाऱ्या स्टॉप बाथऐवजी मी साधं पाणी वापरतो, मग चित्र पक्कं करणारा हायपो आणि भरपूर धुणं.

रोल डेव्हलपरमध्ये ठेवायच्या वेळा 20 अंशांसाठी दिलेल्या असतात. एचपी5 या कृष्णधवल रोलला न पातळ केलेल्या डी-76 मध्ये साडेसात मिनिटं. पण एप्रिल-मेमध्ये आमच्या नळाला येतं ते कोमट पाणी, म्हणून परातीत बर्फ घालून त्यात बाटल्या ठेवतो. इतर रोल आणि डेव्हलपरच्या वेळा 'मॅसिव्ह डेव्ह चार्ट' या वेबसाइटवर फुकट बघता येतात. रंगीत रोल मात्र लॅबलाच द्या. त्याची रसायनं 38 अंशांवर काटेकोर धरून बसायचा उत्साह माझा दोन रोलांतच संपला.

आता तुमचा कॅमेरा. त्याचं शटर सेलशिवाय चालतं, एक छोटा बटन सेल लागतो तो फक्त उजेड मोजणाऱ्या मीटरला. मीटर बंद करायला बटन नाही, म्हणून काम झालं की लेन्सला टोपी लावायची, नाहीतर सेल उतरतो. लेन्समध्ये बुरशी आहे का, ते टॉर्च मारून बघा. मागच्या झाकणाच्या कडेचा फोम चिकट झाला असेल तर बदला. मी एका ठेल्यावरून घेतलेल्या कॅमेऱ्याचा तो बघितला नव्हता, अख्ख्या रोलवर उजेडाचे पट्टे आले. लेन्स आणि सुटे भाग बघायला मुंबईत बोरा बझारला एक चक्कर मारा.

पण झाकण लगेच उघडू नका. आधी रिवाइंडची कळ बाणाच्या दिशेने हलकेच फिरवा. ताणली गेली तर आत रोल आहे. खालचं छोटं बटन दाबून तो पूर्ण गुंडाळा, मगच उघडा. रंगीत की कृष्णधवल ते डबीवर लिहिलेलं असेल. काकांचे फोटो असतील त्यात.