स्पर्धेच्या फोटोत किती एडिटिंग चालतं?

तुमचा प्रश्न असा: गावातल्या हौशी छायाचित्र स्पर्धेत पावसाळ्यातल्या किल्ल्याचा एक फोटो पहिला आला. त्यावरचं लालभडक आकाश सरळसरळ चिकटवलेलं दिसत होतं. तुम्ही मात्र फोनवर काढलेला फोटो जसाच्या तसा पाठवला होता. मग ही फसवणूक नाही का? आणि पुढच्या वर्षी तुम्हीही एडिटिंग शिकून उतरावं का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे: शिका. पहिल्या प्रश्नाचं उत्तर नुसता फोटो बघून देता येत नाही, त्यासाठी स्पर्धेचं नियमपत्रक काढावं लागतं. खुला किंवा क्रिएटिव्ह विभाग असेल, तर आकाश बदलणं हा त्या विभागातला खेळच आहे. निसर्ग किंवा वृत्तछायाचित्र असा विभाग असेल, तर तोच फोटो बाद व्हायला हवा. एडिटिंग थोडं झालं की जास्त, यावर फोटो क्लबांमध्ये चहाचे कपच्या कप रिकामे होतात आणि निष्पन्न काही होत नाही. बघणाऱ्याला तुम्ही ‘हे असं घडलं’ म्हणून सांगताय की ‘हे मी रचलंय’ म्हणून, ते आधी ठरवा. बाकीचं त्यावरून आपोआप ठरतं.

‘जसाच्या तसा’ याबद्दल मात्र थोडं ऐकून घ्या. तुमच्या फोनने तुम्हाला न विचारता रंग ठरवले, सावल्या उजळल्या, नॉइज (फोटोतले दाणेदार ठिपके) पुसला, कडा तीक्ष्ण केल्या. नाइट मोडमध्ये तर तो अनेक फ्रेम एकत्र करून एक फोटो बनवतो. २०२३ मध्ये एका प्रसिद्ध कंपनीच्या फोनवरून गाजलेला वाद आठवत असेल. कुणीतरी कॉम्प्युटरच्या पडद्यावर मुद्दाम धूसर केलेला चंद्र दाखवला आणि लांबून त्या फोनने फोटो काढला, तर फोटोत नसलेले बारकावे अवतरले! म्हणजे एडिटिंग तुमच्याही फोटोत झालंय, फक्त ते फोनने केलंय.

जोडकाम तर जवळजवळ छायाचित्रणाइतकंच जुनं आहे. ऑस्कर रेजलँडर या छायाचित्रकाराने १८५७ साली इंग्लंडमध्ये तीसहून अधिक निगेटिव्ह जोडून एक भलंमोठं दृश्य छापलं. ते मँचेस्टरच्या कलाप्रदर्शनात लागलं आणि व्हिक्टोरिया राणीने त्याची प्रत विकतही घेतली. आपली मुंबईही मागे नव्हती. इथली फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालची. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्यात होते. त्याच मंडळींतल्या विल्यम जॉन्सनने १८६० च्या दशकात मुंबईतल्या वेगवेगळ्या समाजांच्या लोकांची छायाचित्रं दोन खंडांत छापली. त्यांत माणसं एकीकडे टिपलेली आणि मागची जागा दुसरीकडे टिपलेली, असं जोडकाम सर्रास आहे. नीट पाहिलं तर माणसांच्या कडा कापलेल्या जाणवतात. आज एडिटिंगमध्ये आपण मास्क (फोटोचा कुठला भाग दाखवायचा, कुठला झाकायचा ते आखणारा पडदा) नीट लावला नाही म्हणतो, तेच.

आता नियमांकडे येऊ. सलोनना (छायाचित्रांच्या स्पर्धा-प्रदर्शनांना) मान्यता देणाऱ्या फियाप या आंतरराष्ट्रीय संस्थेची निसर्ग विभागाची व्याख्या वाचून ठेवा, आपल्याकडचे बरेच क्लब तीच उचलतात. क्रॉप सोडून इतर कुठल्याही मार्गाने चित्रात नवी गोष्ट घालायची नाही, असलेली हलवायची नाही, बदलायची नाही, काढायची नाही. धूळ, नॉइज, ओरखडे पुसलेले चालतात. उजळणं-गडद करणं, फोकस स्टॅकिंग (वेगवेगळ्या अंतरांवर फोकस केलेले फोटो एकत्र करणं), रंगीतचं कृष्णधवल करणं चालतं. इन्फ्रारेड (डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांचा) फोटो चालत नाही. त्यामुळे पक्ष्यासमोर आलेली एक काडी पुसली तरी फोटो बाद. हे जाचक वाटतं खरं, पण रेषा कुठे तरी आखावीच लागते आणि ही निदान स्पष्ट आहे.

रेषा किती बारीक असते, याचा नमुना वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत २०१० साली दिसला. क्रीडा विभागात तिसरं बक्षीस मिळालेल्या एका फोटोत हाताला पट्टी बांधणं चाललंय. छायाचित्रकाराने मूळ फ्रेमचा मोठा भाग कापून टाकला होता, रंगीतचं कृष्णधवल केलं होतं, भरपूर ग्रेन (जुन्या फिल्मसारखे दाणे) घातला होता. याला परीक्षकांची हरकत नव्हती. बोटांच्या मागे डोकावणारा कुणाच्या तरी पायाचा तुकडा त्याने पुसला होता, तेवढ्यावरून बक्षीस गेलं. याच्या उलट उदाहरण ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ या स्पर्धेचं. २००९ चा विजेता फोटो होता फाटकावरून झेप घेणाऱ्या लांडग्याचा. त्यात एडिटिंगची भानगडच नव्हती. लांडगा जंगली नसून माणसाळवलेला असावा, असा निष्कर्ष परीक्षकांनी काढला आणि २०१० च्या जानेवारीत फोटो बाद झाला. छायाचित्रकाराने आरोप नाकारला होता. पुढे २०१७ च्या स्पर्धेत एका विभागात जिंकलेला मुंगीखाऊचा फोटोही असाच गेला, कारण तो प्राणी पेंढा भरलेला असण्याची दाट शक्यता तज्ज्ञांना दिसली. एका पिक्सेललाही हात न लावता खोटं बोलता येतं ते असं. पानाची छत्री धरलेल्या बेडकांचे फोटो आपल्याकडेही फिरत असतात. मला विचाराल तर आकाश बदलणाऱ्यापेक्षा बेडकाला पोझ द्यायला लावणारा कितीतरी मोठा गुन्हेगार आहे.

एआयचा घोळ यात नवा. २०२३ मध्ये सोनीच्या जागतिक स्पर्धेत बोरिस एल्डागसेन या जर्मन कलाकाराने क्रिएटिव्ह विभागातलं बक्षीस नाकारलं, चित्र एआयकडून करवलंय असं सांगून. स्पर्धा अशा चित्रांसाठी तयार आहेत का, हेच त्याला बघायचं होतं. पुढच्याच वर्षी माइल्स अ‍ॅस्ट्रेने उलटी गंमत केली. अरुबात काढलेला, मान आत घेतल्याने बिनडोक्याचा दिसणारा फ्लेमिंगोचा खराखुरा फोटो त्याने दुसऱ्या एका स्पर्धेत एआय विभागात घातला. फोटोने बक्षीस मिळवलं आणि खरा असल्याबद्दल तो अपात्र ठरला! तुमच्यापुरतं एवढंच: क्रिएटिव्ह विभागातही बहुतेक ठिकाणी सगळे तुकडे तुमच्याच कॅमेऱ्यातले लागतात. नेटवरून उतरवलेलं आकाश किंवा ‘जनरेटिव्ह फिल’ने (एआयकडून) भरलेली जागा त्यात बसत नाही.

आता त्या पहिल्या आलेल्या फोटोकडे. तुम्ही वर्णन केलंय त्यावरून तो खुल्या विभागातही पहिला यायला नको होता, कारण काम कच्चं आहे. पावसाळी ढगाखाली जमिनीवरचा उजेड चहूबाजूंनी सारखा येतो, सावल्या जवळजवळ नसतात, ओला कातळ राखाडी चमकतो. डोक्यावर तांबडं आकाश आणलं, तर कातळाच्या त्या ओल्या चमकेत तांबडेपणा उतरायला हवा. बुरुजाची एक बाजू उबदार आणि दुसरी थंड व्हायला हवी. खाचरात पाणी असेल तर त्यात तेच आकाश उलटं दिसायला हवं. बहुतेक लोक नेमकं खाचर विसरतात. लांबच्या डोंगररांगा फिकट निळसर होत जातात, त्यांच्यामागे कडक रंगाचं आकाश लावलं की रांगा पुठ्ठ्याच्या कापल्यासारख्या उभ्या राहतात. आणि झाडांच्या शेंड्यांभोवती पांढरी किनार राहिली की काही सांगायलाच नको.

याहून लोकप्रिय प्रकार म्हणजे किल्ल्यावर टेकवलेला भला थोरला चंद्र. चंद्र आकाशात जेमतेम अर्धा अंश जागा व्यापतो. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर २४ मिमीची लेन्स लावली (फोनचा मुख्य कॅमेराही साधारण तेवढंच रुंद बघतो), तर चंद्र फोटोच्या रुंदीच्या सुमारे एकशे साठाव्या भागाएवढा येतो, म्हणजे टिकलीएवढा. ६०० मिमीच्या लेन्सला तो रुंदीचा सातवा हिस्सा व्यापतो. त्यामुळे अख्खा गड, पायथ्याचं गाव आणि वर बुरुजाएवढा चंद्र अशी फ्रेम आली की परीक्षकाचा हात आधी मूळ फाइलकडे जातो. एडिट न करताही बुरुजाएवढा चंद्र मिळतो, फक्त पायपीट हवी. दहा मीटर रुंदीचा बुरूज चंद्राच्या मापाचा दिसायला तुम्ही त्याच्यापासून साधारण अकराशे मीटर लांब उभं राहायचं आणि लांब पल्ल्याची लेन्स लावायची. पौर्णिमेला चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास पूर्वेला उगवतो, तेव्हा गडावरही थोडा उजेड शिल्लक असतो. म्हणूनच मावळतीच्या केशरी आकाशात, सूर्य बुडाला त्याच बाजूला, पूर्ण चंद्र दिसला की तो खोटा. तिथे चतुर्थीची बारीक कोर शोभते, तीही उजळ बाजू खाली सूर्याकडे केलेली. आणि ती शुद्ध चतुर्थी बरं का! संकष्टीला उपास सोडायला रात्री चंद्रोदयाची वाट बघणाऱ्या घरांत वाढलेल्या आपल्या लोकांनी तरी यात चुकू नये. कोरीच्या काळ्या भागातून चांदण्या चमकणारे फोटोही मी स्पर्धांत पाहिलेत. चंद्राला भोक असल्याशिवाय ते शक्य नाही.

जोडकाम करायचंच असेल तर तुमच्याच आकाशांचा साठा करत जा. आकाशाचा फोटो काढताना लेन्स कुठली होती, कॅमेरा किती वर उचलला होता आणि सूर्य कोणत्या बाजूला होता, एवढं लक्षात ठेवा. जमिनीच्या फोटोशी हे तिन्ही जुळलं तरच जोडा. जोडून झाल्यावर दोन्ही तुकड्यांमधला सर्वांत गडद काळा एकसारखा करा आणि शेवटी सगळ्यावर मिळून थोडा ग्रेन घाला, म्हणजे एकाचा नॉइज आणि दुसऱ्याचा गुळगुळीतपणा वेगळा उठून दिसत नाही. साधनांवर पैसे घालवू नका. फोनवर स्नॅपसीड, कॉम्प्युटरवर गिंप, दोन्ही फुकट आहेत. लेयर (एकावर एक थर), मास्क आणि ब्लेंड मोड (थर एकमेकांत मिसळायची पद्धत) या तीन गोष्टी हातात बसेपर्यंत फोटोशॉपचं वर्गणीचं खातं उघडायची गरज नाही.

पण खरं सांगू? तुम्ही जोडकामापासून सुरुवात करू नका. वारीतला एखादा फोटो घ्या. भर दुपार, पांढरं पागोटं, पांढरा सदरा आणि पागोट्याच्या सावलीत गेलेला सावळा चेहरा. फोन बहुधा पांढरा जाळतो (त्यातले बारकावे उडवतो) नाहीतर चेहरा काळवंडतो. असा फोटो शक्य तर रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, काढा. नेहमीच्या जेपेग फाइलमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १२ बिट रॉमध्ये ४०९६, त्यामुळे सावलीतला चेहरा उजळताना त्यावर रंगांचे डाग पडत नाहीत. एक्स्पोजर (फोटोत किती उजेड घ्यायचा ते) पांढऱ्यासाठी ठेवा. मग फक्त चेहऱ्यावर ब्रश फिरवून सावली थोडी उघडा, डोळ्यांपर्यंत उजेड पोचला की थांबा. पागोट्याच्या घड्या किंचित गडद करा म्हणजे कापडाचा पीळ दिसेल. काठाशी आलेली रंगीत पिशवी लक्ष खात असेल तर तिचा रंग उतरवा, पिशवी पुसू नका. एवढं केलेला फोटो बहुतेक विभागांत चालतो, आणि परीक्षकाला ‘एडिट केलाय’ असं वाटतही नाही.

जेजुरीच्या भंडाऱ्याचं उलट. तिथे रंग वाढवायचा मोह होतो आणि उधळणीचा पिवळा एकसलग डाग होऊन बसतो. पिवळ्याचं सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) थोडं कमी केलं तर हवेतली पूड परत दिसायला लागते. पावसाळी सह्याद्रीच्या रेडियम हिरव्याबद्दल न बोललेलंच बरं. तो स्लायडर हिरव्याकडून पोपटीकडे सरकवणाऱ्यांना एकदा जूनमध्ये प्रत्यक्ष घाटात नेऊन उभं करावं, असं मला फार वाटतं.

काजव्यांचे फोटो मधल्या जागेत येतात. भंडारदऱ्याकडे किंवा राजमाचीला पावसाच्या तोंडावर काढलेल्या त्या लखलखत्या झाडांच्या फोटोंत बहुतेक वेळा बराच वेळ घेतलेले अनेक फोटो एकावर एक रचलेले (स्टॅक केलेले) असतात. तेवढे काजवे एका क्षणी डोळ्यांना दिसत नाहीत. खुल्या विभागात बिनधास्त पाठवा, निसर्ग विभागात पाठवण्याआधी आयोजकांना विचारा आणि कॅप्शनमध्ये स्टॅक केलंय असं लिहा.

पाठवतानाचं थोडं. मूळ फाइल कधीही डिलीट करू नका, शेवटच्या फेरीत ती मागतात. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून साध्या फोटोसारखा पाठवला तर तो दाबला जातो आणि कॅमेऱ्याची माहितीही निघून जाते. आयोजकांनी तिथेच मागितला तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि ‘पाठवलेल्या सर्व छायाचित्रांचे सर्व हक्क आयोजकांकडे राहतील’ ही ओळ शोधा. आपल्याकडच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात हक्क देऊन टाकायला तुमच्या सहीचा लेखी करार लागतो, आणि त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. तरीही असली ओळ दिसली की मी प्रवेशिका भरतच नाही. फुकटात फोटोंचा साठा जमवायला स्पर्धा काढणारे कमी नाहीत.

तुमच्या स्पर्धेपुरतं सांगायचं तर नियमपत्रक पुन्हा काढा. चित्रातले घटक बदलू नयेत असं त्यात असेल, तर पहिल्या फोटोची मूळ फाइल तपासा, असं आयोजकांना लेखी कळवा. आरडाओरडा किंवा फेसबुकवर पोस्ट नको. तसं काही लिहिलेलंच नसेल, तर त्या स्पर्धकाने नियम मोडलेला नाही. मग पुढच्या वर्षी ‘वास्तव’ आणि ‘क्रिएटिव्ह’ असे दोन विभाग ठेवा, असं पत्र आताच देऊन टाका, कारण नियमपत्रकं छापून आल्यावर कुणी काही बदलत नाही.