फेलोशिप कोणत्या रकान्यात बसते?

तुमची अडचण वाचली. संशोधनासाठी तुम्हाला मिळणाऱ्या रकमेला मंजुरीपत्रात ‘फेलोशिप’, महाविद्यालयाच्या रुजू अहवालावर ‘विद्यावेतन’ आणि लेखा विभागाच्या देयकावर ‘मानधन’ असे तीन शब्द आले आहेत, आणि यांतला खरा कोणता, असे तुम्ही विचारले आहे. पात्रता परीक्षा, आधार-जोडणी, बँक खाते हे सारे तुम्ही उरकलेच असणार, म्हणून त्याविषयी लिहीत नाही. खरा शब्द मंजुरीपत्रातला धरायचा, आणि तुमच्या देयकावरचा ‘मानधन’ हा शब्द पहिला हप्ता जमा होण्याआधी दुरुस्त करून घ्यायचा. एवढ्यासाठी घाई कशाला, असे वाटेल, म्हणून माझ्या बाबतीत काय घडले ते सांगते.

मी ज्या विद्यापीठात कनिष्ठ संशोधन फेलो म्हणून रुजू झाले, त्याचे नाव घेत नाही, कारण तेव्हाची निम्मी मंडळी अजून तेथेच खुर्च्यांवर आहेत. त्या काळी आमची रक्कम तुमच्यासारखीच संस्थेमार्फत येत असे. लेखा विभागाच्या संगणकप्रणालीत वेतन, मानधन, प्रवासभत्ता आणि संकीर्ण एवढीच शीर्षे होती. फेलोशिप नावाचे शीर्षच नव्हते. तेथील लिपिकाने त्यातल्या त्यात जवळचे म्हणून ‘मानधन’ निवडले आणि मला ते सांगण्याची गरज कोणालाही वाटली नाही. पुढे रकमेतून दहा टक्के करकपात झाली आणि माझ्या २६एएस या आयकर विभागाच्या करकपातीच्या विवरणात ती ‘व्यावसायिक शुल्क’ म्हणून उमटली. तो पैसा परताव्यात मिळाला, त्याचे फारसे काही नाही. खरे दुखणे निराळेच होते. निधी देणाऱ्या संस्थेला मी ‘अन्यत्र कोणतेही वेतन अथवा मानधन घेत नाही’ असे प्रतिज्ञापत्र दिले होते, आणि विद्यापीठाने पाठवलेल्या वार्षिक खर्चपत्रकात माझ्या नावापुढे ठळक अक्षरांत ‘मानधन’ लिहिलेले होते. तपासणाऱ्याने साहजिकच विचारले की हे कोणते मानधन, आणि उत्तर येईपर्यंत पुढचे हप्ते थांबवले.

दुरुस्तीचा अर्ज घेऊन मी लेखा विभागात गेले, तर मानधनाचा विषय आस्थापना विभागाचा, असे सांगण्यात आले. आस्थापना विभागाने सांगितले की तुम्ही आमच्या कर्मचारी नाही, त्यामुळे तुमची नस्तीच आमच्याकडे नाही. शैक्षणिक विभागाचे म्हणणे असे की विद्यार्थी आमचे, पैसा आमचा नव्हे. प्रत्येक मेजावर आवक क्रमांक मात्र तत्परतेने पडत होता! आमच्याकडे कार्यालये चुकांसाठी नव्हे, तर चूक कोणाची हे ठरू नये यासाठी चालवली जातात, असे माझे तेव्हापासूनचे मत आहे. कोणास ते कडवट वाटल्यास क्षमस्व. शेवटी काम झाले ते निधी देणाऱ्या संस्थेने दिलेल्या एका परिच्छेदाच्या पत्रावर. ‘सदर रक्कम संशोधनासाठी दिलेली अधिछात्रवृत्ती असून ती कोणत्याही सेवेचा मोबदला नाही’, हे वाक्य लेखा अधिकाऱ्यांनी जसेच्या तसे टिपणीत उतरवून घेतले आणि तेथून गाडी हलली.

म्हणून माझा आग्रह असा की असे पत्र तुम्ही आत्ताच मागवा आणि देयक, उपयोगिता प्रमाणपत्र, खर्चपत्रक, प्रगती अहवाल या प्रत्येक कागदावर मंजुरीपत्रातलाच शब्द येईल असे पाहा. मराठीत संशोधनवृत्ती, अधिछात्रवृत्ती, पाठ्यवृत्ती असे पर्याय आहेत आणि त्यांपैकी कोणता श्रेष्ठ यावर वाद घालणारेही पुष्कळ आहेत. तुम्ही त्यात पडू नका, मंजुरीपत्रात असेल तोच घ्या.

गोंधळ होतो, कारण या एका नावाखाली अगदी वेगवेगळी नाती येतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कनिष्ठ संशोधन फेलोला १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आणि वरिष्ठ फेलोला ४२,००० रुपये मिळतात, ते संशोधन करण्यासाठी. मुख्यमंत्री फेलोशिपमधील तरुण शासनाच्या कार्यालयांत ठरावीक मुदतीपुरते काम करतात. एमएस झालेला शल्यविशारद एखाद्या रुग्णालयात ‘फेलोशिप करतो’ तेव्हा ते पुढचे प्रशिक्षण असते, पण एफआरसीएस (‘फेलो ऑफ द रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्स’) यातला ‘फेलो’ हा त्या शल्यविशारदांच्या संस्थेचा सदस्य असतो. मुंबई विद्यापीठाच्या १८५७ च्या कायद्यात तर सिनेटवरच्या सभासदांनाच फेलो म्हटले होते. आपल्याकडचे जुने उदाहरण दक्षिणा फेलोंचे आहे: पेशव्यांच्या काळी श्रावणात वाटल्या जाणाऱ्या दक्षिणेचा निधी इंग्रजी अमदानीत शिक्षणाकडे वळवला गेला, त्यातून हे फेलो नेमले जात, आणि न्यायमूर्ती रानडे व रामकृष्णपंत भांडारकर हे दोघेही त्या जागेवर होते. ते स्वतः अभ्यास करीत आणि खालच्या वर्गांना शिकवीतही. म्हणजे अर्धा विद्यार्थी, अर्धा शिक्षक ही अवस्था काही नवी नाही. तिच्यासाठी रकाना मात्र अजून झालेला नाही.

कराबाबत सांगते, पण मी सनदी लेखापाल नाही हे लक्षात असू द्या. १९६१ च्या आयकर अधिनियमातील कलम १०(१६) शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी दिलेल्या शिष्यवृत्तीला करमुक्त ठरवते. १ एप्रिल २०२६ पासून नवा अधिनियम लागू असल्यामुळे कलमांचे क्रमांक बदलले आहेत. मूळ कलमात ‘फेलोशिप’ हा शब्द नाही. त्यामुळे पैसे शिकण्यासाठी मिळतात की नेमून दिलेल्या कामाबद्दल, हे पाहिले जाते, आणि ‘मानधन’ लिहिलेला कागद तुमच्या विरुद्धच बोलतो. एखाद्या ‘टीचिंग फेलो’ला नेमणूकपत्र, हजेरीपट आणि रजेचे नियम लागू असतील, तर तो पगारच आहे, नाव काहीही असो.

तुम्ही जाता जाता तासिका तत्त्वावरील कामाचाही उल्लेख केला आहे. ते घेऊ नका, निदान लेखी परवानगीवाचून तरी नाहीच. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या पीएच.डी.विषयक २०२२ च्या विनियमांनुसार संशोधक विद्यार्थ्याला आठवड्याला चार ते सहा तास अध्यापन किंवा संशोधन साहाय्याचे काम देता येते, परंतु बाहेरच्या महाविद्यालयात तासाप्रमाणे पैसे घेऊन शिकवणे ही निराळी गोष्ट आहे. शिवाय आयोगाच्याच अध्यापक-नेमणुकीविषयीच्या २०१८ च्या विनियमांप्रमाणे पीएच.डी.साठी लागलेला काळ नेमणुकीच्या वेळी अध्यापनाचा अनुभव म्हणून धरला जात नाही. सेवेत राहून, कोणतीही रजा न घेता केलेले संशोधन तेवढे अपवाद आहे. फेलोशिपची पाच वर्षे अनुभवात जमा होतील असे कोणी सांगितले असेल, तर त्यावर विसंबू नका.

आणखी एक, थोडे विषयाला धरूनच: आपल्याला ‘फेलो’ म्हणून निवडले आहे, अमुक शुल्क भरा, अशी पत्रे आता तुम्हाला येऊ लागतील. निवड होऊन पैसे मिळतात ती फेलोशिप तुमच्याकडे आहेच. पैसे भरून मिळते ती नावापुढे लावण्यात मला काही अर्थ दिसत नाही. नामवंत संस्थाही सदस्यत्वाचे शुल्क घेतात, म्हणून सरसकट विधान करीत नाही, पण आधी तिचे इतर फेलो कोण आहेत ते पाहा.

मंजुरीपत्रातील अटींचा परिच्छेद नाव-गाव गाळून येथे उतरवलात, तर लेखा विभागाला द्यायच्या अर्जाचा मसुदा मी लिहून देईन. अर्जाची प्रत वित्त व लेखा अधिकाऱ्यांच्या नावेही द्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकासोबत तारखेचा शिक्का उमटला आहे, हे खिडकीवरून हलण्याआधी तपासा.